रेंज फुल आहे, मग फोन भलतीकडे का लागतो? मोबाईल नेटवर्कची बेसिक माहिती, उदगीरच्या सीमेवरून

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास शेतात आमच्या काकांना पान लागलं. आमच्याकडं साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. शेत उदगीरच्या पुढं, कमलनगरच्या दिशेला, कर्नाटकच्या हद्दीला जवळजवळ चिकटून. चुलत भावाने लगेच ॲम्ब्युलन्सचा तीन आकडी नंबर लावला. फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या. कॉल पहिल्याच झटक्यात लागला. आणि पलीकडून बाई कन्नडमध्ये बोलायला लागल्या.

बाईंची काही चूक नव्हती. त्यांनी हिंदीत विचारलं, कोणता तालुका? भाऊ म्हणाला, उदगीर. तो तालुका त्यांच्या यादीतच नव्हता. तीन-चार मिनिटं यात गेली, मग शेजाऱ्यांची जीप काढून काकांना उदगीरला आणलं. पाच दिवस दवाखान्यात राहून काका घरी आले, ठणठणीत आहेत. मी पुण्यात होतो. त्या तासाभरात मी भावाला नऊ वेळा फोन केला आणि नऊही वेळा "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकलं.

नंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला विचारलं, "आरं, तू इंजिनिअरिंगला हेच शिकलास ना? मग सांग, माणूस महाराष्ट्रात उभा, सिम महाराष्ट्राचं, फोन कर्नाटकात कसा लागला?"

मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला होतो, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. उत्तर मला माहीत होतं, पण अण्णांना दोन वाक्यांत सांगता आलं नाही. कारण त्यासाठी मोबाईल मुळात कसा चालतो तिथून सुरुवात करावी लागते. मित्रांनो, तीच सुरुवात इथे करतोय.

वायरलेस म्हणजे नेमकं किती वायरलेस?

मोबाईलचा कॉल हवेतून पुण्याहून उदगीरला जात नाही. हवेतला प्रवास फक्त दोन टोकांना असतो. माझ्या फोनपासून पुण्यातल्या जवळच्या टॉवरपर्यंत, आणि उदगीरच्या टॉवरपासून अण्णांच्या फोनपर्यंत. शहरात हे अंतर कधी काहीशे मीटर, आमच्याकडं शिवारात तीन-चार किलोमीटर. मधला सगळा प्रवास जमिनीखालच्या फायबर केबलमधून होतो. जिथे फायबर पोचलेली नाही तिथे एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर मायक्रोवेव्हने. टॉवरवर ढोलकीसारख्या गोल पांढऱ्या डिश दिसतात ना, त्या यासाठी. तुमच्या फोनशी बोलणारे अँटेना वेगळे: उभे, लांबट, फळीसारखे.

म्हणून रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की अख्ख्या भागाचं नेटवर्क जातं. टॉवर जागेवर आहे, वीज आहे, पण टॉवरच्या मागचा रस्ताच बंद. अशा वेळी अनेकदा टॉवर आपलं प्रसारणही थांबवतो आणि फोनवर "नो सर्व्हिस" येतं. केबल शाबूत आहे पण मायक्रोवेव्हची वाट अरुंद आहे, असं असेल तर मात्र रेंज फुल दिसते आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो.

सेल नावाची युक्ती

मोबाईलला सेल फोन का म्हणतात? बॅटरीशी याचा संबंध नाही.

रेडिओ लहरींचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, मर्यादित असतो. आकाशवाणीचं एक केंद्र एका फ्रिक्वेन्सीवर बोलतं आणि लाखो लोक ऐकतात, तिथे अडचण नाही. पण लाखो लोकांना एकाच वेळी आपापलं वेगळं बोलायचं असेल तर इतक्या फ्रिक्वेन्सी आणायच्या कुठून? १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या इंजिनिअरांनी याचं उत्तर मांडलं: एक उंच, ताकदवान टॉवर लावू नका, कमी ताकदीचे खूप टॉवर लावा. प्रत्येकाने आपल्यापुरता छोटा तुकडा सांभाळायचा. तो तुकडा म्हणजे सेल. एका सेलमधली फ्रिक्वेन्सी थोडं दूर असलेल्या सेलमध्ये पुन्हा वापरता येते, कारण तिथवर पहिल्याचा आवाज पोचतच नाही.

उदगीरच्या मोंढ्यात सौदे चालू असताना उभे राहून बघा. तुरीच्या ढिगापाशी एक जण भाव पुकारतोय, चाळीस पावलांवर सोयाबीनपाशी दुसरा. दोघेही एकाच आवाजात, एकाच भाषेत ओरडतात आणि दोघांचं काम चालतं. पण दोघांनी लाऊडस्पीकर लावला तर कुणाचंच चालणार नाही. म्हणून "टॉवरची पॉवर वाढवा की" ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण त्याने शेजारच्या सेलमध्ये गोंधळ होतो.

बहुतेक टॉवरवर तीन दिशांना तीन अँटेना-गट असतात, प्रत्येक साधारण १२० अंशांचा भाग बघतो. म्हणजे एका टॉवरवर तीन सेल. तुम्ही बसने लातूरला निघालात तर वाटेत कितीतरी सेल बदलतात आणि बोलणं तुटत नाही. यालाच हँडओव्हर म्हणतात. तुमचा फोन बोलता बोलता शेजारच्या सेलची ताकद सतत मोजून टॉवरला कळवत असतो, आणि बदल कधी करायचा ते नेटवर्क ठरवतं. "सतत मोजतो" हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेल लॅब्जची ही कल्पना कागदावरून बाजारात यायला तीस-पस्तीस वर्षं लागली. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. कोलकात्याचा मान तसा जुनाच. त्याच शहरात १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी तारेशिवाय लहरी पाठवून लांबची घंटा वाजवून दाखवली होती.

लहर लांब की आखूड

भारतात मोबाईलसाठी साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतचे पट्टे वापरले जातात. आकडा लहान तेवढी लहर लांब. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर, ९०० ची ३३, आणि ३५०० ची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. लांब लहर टेकडीच्या कडेवरून थोडी वळते, भिंतीतून बऱ्यापैकी आत येते, लांब जाते. आखूड लहरीला जास्त डेटा वाहून नेता येतो, कारण वरच्या भागात रुंद पट्टे मोकळे मिळतात, पण ती लवकर थकते.

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्हजी सुरू झालं तेव्हा गावाकडच्या मित्रांनी विचारलं, फाइव्हजी आलं म्हणजे आता शेतात रेंज येईल ना? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूजी, फोरजी, फाइव्हजी ही बोलण्याची पद्धत झाली. रेंज कुठवर जाईल ते लहर, टॉवरची उंची आणि मधली जमीन ठरवते. ३५०० वरच्या फाइव्हजीपेक्षा ९०० वरचं जुनं टूजी शिवारात लांब पोचतं. मात्र टूजीलाही एक पक्की हद्द आहे: ३५ किलोमीटर. टॉवर फोनला "तुझा आवाज यायला इतका वेळ लागतो, तेवढा आधी बोल" असं सांगतो, आणि तो वेळ मोजायच्या पट्टीवर फक्त ६४ खुणा आहेत. त्या ३५ किलोमीटरला संपतात. सिग्नल कितीही स्वच्छ असो, त्यापुढे साधा टूजी कॉल होत नाही.

आमचा भाग बालाघाटच्या पठाराचा. लांबून सपाट वाटतो, पण गाडी चालवली की कळतं, सारखे चढउतार आहेत. ओढ्याकाठचं शेत खाली असतं, मधे माळाचा उंचवटा येतो, आणि टॉवर दोन किलोमीटरवर असूनही लहर डोक्यावरून निघून जाते. पलीकडचा सहा किलोमीटरवरचा टॉवर मात्र समोर मोकळा दिसतो. अंतरापेक्षा नजरेची रेषा महत्त्वाची ठरते.

घराचंही तसंच. पत्र्याच्या खोलीत रेंज का जाते? पत्रा धातूचा, लहर त्यावरून परत फिरते, आत येते ती दारा-खिडकीतूनच. जुन्या माळवदाच्या घरांत दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती असतात, त्याही लहर पितात, पावसात ओल्या झाल्या की जास्तच. आमच्या जुन्या घरात सगळे फोनवर बोलायला ओट्यावर येतात ते उगीच नाही.

कांड्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी आपल्या मनाने ठरवते. म्हणून एकाच ओट्यावर दोन फोन ठेवले तर एकावर चार आणि एकावर दोन दिसू शकतात. खरा आकडा हवा असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन"मध्ये सिम स्टेटस बघा. तिथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये, उणे चिन्हासह दिसते. फोरजीवर उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालून जाईल, उणे ११५ म्हणजे कॉल तुटायच्या बेतात. हे आकडे साधे नाहीत. दर १० ला ताकद दहापट बदलते. उणे ८० आणि उणे ११० मध्ये हजारपटीचा फरक आहे. उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग. एवढ्याशा कुजबुजीतून तुमचा फोन आवाज काढतो, हे मला शिकत असतानाही खरं वाटलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. कांड्या फक्त एकच सांगतात: टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. तुमचा आवाज टॉवरला ऐकू जातो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवरच्या अँटेनाला साधारण २० ते ४० वॅट मिळतात. तुमचा फोन फोरजीवर जास्तीत जास्त ०.२ वॅट टाकतो, ९०० मेगाहर्ट्झच्या टूजीवर २ वॅट. म्हणजे तो स्टेजवरून माइकवर बोलतोय आणि तुम्ही शेवटच्या रांगेतून तोंडी. त्याचं सगळं ऐकू येतं, तुमचं त्याला नाही. "हॅलो, आवाज येतोय का? मला तुझा येतोय!" हा संवाद इथूनच निघतो.

टॉवर लांब असला की फोन पूर्ण ताकद लावून ओरडतो, त्यामुळे गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. टॉवर जवळ असला की टॉवरच त्याला हळू बोलायला सांगतो, टूजीवर तर २ वॅटवरून काही मिलिवॅटपर्यंत. "आमच्या कॉलनीत टॉवर नको" म्हणून निवेदनं देणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं, पण डोक्याजवळ असतो तो फोन, आणि टॉवर दूर गेला की तोच जोर वाढवतो. टॉवरच्या उत्सर्जनासाठी भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा लावलेली आहे.

कांड्या न सांगणारी दुसरी गोष्ट म्हणजे गर्दी. टूजीच्या एका चॅनेलमध्ये आठ जागा असतात, त्यातली एखादी नेटवर्कच्या स्वतःच्या निरोपांना जाते. छोट्या सेलवर असे दोनच चॅनेल असतील तर पंधराव्या माणसाचा कॉल लागत नाही, कांड्या फुल असल्या तरी. फोरजीत जागा अशा मोजून नसतात, पण एकच ताट सगळ्यांत वाटलं जातं. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अशा गर्दीच्या ठिकाणी कंपन्या कधी कधी ट्रकवरचा फिरता टॉवर आणून उभा करतात. तो रेंज वाढवायला नसतो, जागा वाढवायला असतो.

तुम्ही कुठे आहात हे नेटवर्कला कसं कळतं

मी पुण्याहून अण्णांचा नंबर लावतो तेव्हा देशातल्या लाखो टॉवरपैकी नेमका कोणता वाजवायचा?

फोन खिशात पडलेला असतानाही तो आसपासच्या टॉवरची ओळख ऐकत असतो. बरेच टॉवर मिळून एक विभाग केलेला असतो. फोन एका विभागातून दुसऱ्यात गेला की "मी आता इथे आहे" असा छोटा निरोप देतो. कंपनीच्या मोठ्या नोंदवहीत तुमच्या सिमपुढे तो विभाग लिहिला जातो. कॉल आला की त्या विभागातले टॉवर एकदम हाक मारतात: अमुक सिम कुठे आहे? तुमचा फोन "हजर" म्हणतो, मग त्याच टॉवरवरून रिंग वाजते.

आता दोन नेहमीच्या सूचनांमधला फरक लक्षात येईल. फोन बंद करताना तो जाता जाता "मी बंद होतोय" असा निरोप टाकतो, म्हणून "स्विच ऑफ" ऐकू येतं. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणजे नोंदवहीप्रमाणे फोन चालू आहे, पण हाक मारल्यावर उत्तर आलं नाही. त्या रात्री भावाच्या फोनचं हेच झालं असणार. जीप ओढ्याच्या खोलगट रस्त्याने येत होती, फोन कर्नाटकचा टॉवर सोडून महाराष्ट्राचा शोधत होता, आणि नोंदवहीत पत्ता अजून मागचाच.

राज्याची हद्द आणि लहरींची हद्द

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येऊ.

भारतात मोबाईल सेवा सर्कलमध्ये वाटलेली आहे. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा येतो. कर्नाटकचं सर्कल वेगळं. लायसन्स सर्कलनिहाय, स्पेक्ट्रमही सर्कलनिहाय. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या एकाच कंपनीची महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन वेगळी नेटवर्क आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःचा कोड आहे. भारताचा कोड ४०४ आणि ४०५ ने सुरू होतो. बीएसएनएलचं महाराष्ट्र ४०४-६६, कर्नाटक ४०४-७१. एअरटेलचं महाराष्ट्र ४०४-९०, कर्नाटक ४०४-४५. तुमच्या सिमच्या आत लिहिलेला १५ आकडी क्रमांक याच कोडने सुरू होतो. प्रत्येक टॉवरही आपला कोड सतत सांगत असतो.

फोनच्या डोक्यात नियम सोपा आहे: सिमवरचा कोड आणि टॉवरचा कोड जुळतो का? जुळला तर आपलं घर. घरचा सिग्नल मिळत असेल तर शेजारचा जोरदार असला तरी घरीच थांबायचं. घरचा मिळेनासा झाला की जो परवानगी देईल त्याच्याकडे जायचं. हेच रोमिंग.

आमचं शेत उंचवट्यामागे आहे. महाराष्ट्राकडचा टॉवर तिथे झाकला जातो, पलीकडचा समोर मोकळा. फोनने तोच धरला, कांड्या फुल. लहरीला सात-बारा कळत नाही आणि चेकपोस्टवर थांबायचंही तिला माहीत नाही. कंपन्या अँटेना खाली झुकवून सिग्नल आपापल्या सर्कलमध्ये ठेवायचा प्रयत्न करतात, पण चढउताराच्या जमिनीवर तो थोडाफार सांडतोच.

मग एक मजेशीर गोष्ट होते. शेतातून पाच किलोमीटर उदगीरकडे आलं, आता घरचा सिग्नल येतोय, तरी फोन लगेच घरी परतत नाही. आहे तो सिग्नल चांगला असताना फोन ठराविक वेळानेच घर शोधायला बघतो. ती वेळ सिमवर लिहिलेली असते, सहा मिनिटांपासून आठ तासांपर्यंत काहीही असू शकते, काहीच लिहिलं नसेल तर साठ मिनिटं. बिदरहून परत येताना फोन बराच वेळ कर्नाटकातच राहतो तो यामुळे. फ्लाइट मोड चालू करून बंद केला की फोन पुन्हा पहिल्यापासून शोध घेतो आणि घरचा टॉवर पकडतो.

हे अजून महाग पडायचं तो काळ आठवतो. मी शाळेत असताना रोमिंगमध्ये आलेल्या कॉलचेही पैसे कटायचे. बांधावर उभं राहून घरचा फोन उचलला की बॅलन्स जायचा. तेव्हा शेताला जाताना अण्णा फोनमध्ये नेटवर्क "मॅन्युअल" करून ठेवायचे, ही युक्ती आमच्या भागात शाळकरी पोरांनाही माहीत होती. आता रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, म्हणून कुणी तिकडं बघत नाही.

पैसे गेले, पण हद्द गेली नाही. चालू कॉलमध्ये ही हद्द ओलांडली तर कॉल अनेकदा तुटतो, कारण हँडओव्हर एका नेटवर्कमधून दुसऱ्यात करायचा असतो. आणि तीन आकडी नंबर. दहा आकडी मोबाईल नंबर किंवा एसटीडी कोडसह लँडलाइन, यात पूर्ण पत्ता असतो, भारतात कुठूनही लावा, तिथेच जातो. उदगीरचा कोड ०२३८५ आहे, तो लावला की कॉल उदगीरलाच. पण १०८ सारख्या छोट्या नंबरात पत्ता नसतो. तो कुठे न्यायचा हे कॉल कोणत्या सेलमधून आला त्यावर ठरतं. सेल कर्नाटकचा, म्हणजे कॉल कर्नाटकच्या केंद्रात. शेताच्या अलीकडे महाराष्ट्र आहे की पलीकडे, हे त्या यंत्रणेला दिसतच नाही. तिला माणूस नव्हे, टॉवर दिसतो.

हे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे आपण अजून बिदर जिल्ह्यातच." त्यांचा टोमणा बरोबर होता. १९५६ आधी उदगीर तालुका हैदराबाद संस्थानापासून बिदर जिल्ह्यातच होता. मग उस्मानाबाद, आणि १९८२ पासून लातूर.

मेसेज मात्र जातो, पण मराठीत लहान होतो

रेंज अगदी कमी असेल तर कॉलपेक्षा साधा एसएमएस जास्त भरवशाचा. कॉलला सलग रस्ता लागतो. एसएमएस नेटवर्कच्या निरोपांच्या वाटेने तुकड्यात जातो, नाही गेला तर पुन्हा पाठवला जातो, आणि पलीकडचा फोन सापडेपर्यंत वाट बघत थांबतो.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट, म्हणून ७०. त्यातही काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. "उदगीर" दिसतात चार अक्षरं, मोजतात पाच. "श्री" एक दिसतं, मोजतात चार. लांबला तर मेसेजचे तुकडे होतात, आणि कमी रेंजमध्ये एखादा तुकडा मागे राहू शकतो. अडचणीच्या वेळी मराठीत लिहायचं असेल तर थोडक्यात लिहा: ठिकाण आधी, बाकी नंतर.

आम्ही काय बदललं

फोनवर "फक्त आपत्कालीन कॉल" असं आलं तर त्याचा अर्थ रेंज नाही असा नसतो. तुमच्या कंपनीची नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे. अशा वेळी ११२ लावा. हा क्रमांक मोबाईलच्या जागतिक मानकातच आपत्कालीन म्हणून लिहिलेला आहे, त्यामुळे फोन तो मिळेल त्या नेटवर्कवरून लावायचा प्रयत्न करतो. १०८ ला प्रत्येक फोन तसं ओळखेलच असं नाही. सीमेवर मात्र ११२ सुद्धा टॉवर बघूनच जातो, म्हणून कुणीही उचललं तरी पहिलं वाक्य राज्य आणि जिल्हा: "महाराष्ट्र, लातूर जिल्हा, उदगीर तालुका." मराठी, हिंदी काहीही चालेल. आमच्या सीमेवरची बरीच माणसं हे कन्नडमध्येही सांगू शकतात.

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते आणि आपत्कालीन सूचनेची चाचणी असल्याचा मेसेज आला होता, आठवतं? अनेकांना वाटलं फोन हॅक झाला. तो सेल ब्रॉडकास्ट होता. त्यात कुणाचा नंबर लागत नाही. टॉवर आपल्या सेलमधल्या सगळ्या फोनना एकदम सांगतो, म्हणून गर्दीतही पोचतो. सेटिंगमध्ये "वायरलेस इमर्जन्सी अलर्ट" बंद केलं असेल तर चालू करा. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळच्या विजेची सूचना देतं, पण त्याला इंटरनेट लागतं. सेल ब्रॉडकास्टला तेही लागत नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा भावाबरोबर फोन घेऊन अख्खं शेत फिरलो, डीबीएमचे आकडे बघत. विहिरीजवळ घरचा टॉवर उणे ११८, म्हणजे नसल्यातच जमा. गोठ्यामागच्या चढावर बाभळीखाली उणे १०१, आणि कोड महाराष्ट्राचा. गोठ्यापासून सत्तर पावलं. भावाने बाभळीला चुन्याचा पट्टा मारलाय. गोठ्याच्या दारावर आतून खडूने तीन ओळी लिहिल्यात: दवाखान्याचा लँडलाइन नंबर ०२३८५ सह, जीपवाल्या शेजाऱ्यांचा दहा आकडी नंबर, आणि खाली "आधी बाभळीपाशी जा." काकांनी त्यात चौथी ओळ घातली: "बॅटरी घेऊन जा, खाली बघत जा."